बडग्याचं तोंड

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत कुणाकडे कसली भाजी झाली हे फोडणीच्या वासावरून सांगतात आणि कुणाकडे कशावरून वाजलं हे भांड्यांच्या आवाजावरून. अशा गल्लीत मार्तंडराव पोतनीसांनी आपलं लफडं वर्षानुवर्षं लपवून ठेवलं, यावरूनच माणूस किती घाबरट होता ते ओळखावं. धीट माणसाची लफडी आठवड्याच्या आत फुटतात.

रविवारी दुपारचं जेवण झालं की मार्तंडराव ‘वाचनालयात जाऊन येतो’ म्हणत आणि पिशवी घेऊन निघत. वाचनालय गल्लीच्या डाव्या अंगाला. मार्तंडराव कोपऱ्यावर थांबून, मागंपुढं पाहून, उजवीकडे वळत. बाई असेल, हा गल्लीचा पहिला तर्क. पण मांजर आडवं गेलं तर मांजराचीच माफी मागणारा हा माणूस; त्याच्या हातून कसली बाई होते! शेवटी गल्लीनं नाद सोडला. चारुशीलाबाईंना मात्र पहिल्यापासून माहीत होतं. नवऱ्याचे शर्ट त्या स्वतः धुवत, आणि वाचनालयात बसणाऱ्याच्या बाह्यांना खळ लागत नाही एवढं त्यांना कळत होतं.

उजवीकडे होतं दादाजी परात्यांचं टिनाचं शेड. दादाजी एके काळी हातमागावर लुगडी विणत. माग मोडीत निघाले, तेव्हापासून वर्षातून एकदा गल्लीचा बडग्या करायचा एवढंच काम त्यांनी हाती ठेवलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे रोगराई वाहून नेणाऱ्या बायांचे पुतळे, निघतात, हे बाहेरच्यांनी निदान टीव्हीवर पाहिलेलं असतं. त्या मारबतींच्या मागं गल्लोगल्लीचे बडगे: बांबूच्या कामट्यांचे, भाताच्या तणसाचे, रद्दीचे पुरुषभर उंच पुतळे. त्या वर्षी लोकांना ज्यानं छळलं त्याचा बडग्या. महागाईचा, डेंग्यूचा, पेपरफुटीचा. त्याला मिरवायचं, शिव्या घालायच्या, ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणून घसा फोडायचा आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचं. काडी ज्यानं घडवला त्यानंच लावायची. आणि एक नियम कडक: बडग्याचा राग धरायचा नाही. तुमचं सोंग काढलं, तुमच्या नावानं बोंब मारली, तरी त्या दिवशी हसून सोडून द्यायचं.

लहानपणी मार्तंडराव शाळेतून घरी यायच्याऐवजी त्या शेडमध्ये जाऊन बसत. कागदाच्या ओल्या लगद्यात बोटं घातली की पोराला भूक लागत नसे. एकदा वडिलांनी कान धरून घरी आणलं. पोतनीसांच्या घरात भोसल्यांच्या वेळेपासून लेखणी चाललेली. त्या घरचा मुलगा जाळायचे पुतळे करणार? “असले हात घेऊन पानावर बसायचं नाही,” वडील म्हणाले, आणि त्या रात्री खरंच पान वाढलं गेलं नाही. तेवढं पुरलं. पुढं कचेरीतली नोकरी आली, लग्न झालं, टेबलावरचा पंखा बदलून मिळण्याइतपत बढती मिळाली. वडील गेले. कान दुखायचा मात्र थांबला नाही.

मग दादाजींना लकवा मारला. एका हाताची बोटं वळेनात. एक दिवस त्यांनी मार्तंडरावांना रस्त्यातच गाठलं.

“बाबू, सांगाडा बांधतो मी कसाबसा. पण तोंड नाही जमून राहिलं. तू बसवतं काय?”

“दादाजी, घरी कळलं तर?”

“नाव माहंच राहू दे न. तुले कुठं नाव मिरवाचं हाय?”

हा सौदा मार्तंडरावांना इतका सोयीचा वाटला की त्यांनी त्यात कधी काही बदल सुचवला नाही. वाहवा दादाजींची, सुख आपलं, आणि घाबरायचं कारणच नाही.

हातात कला होती, हे गल्ली आता म्हणते. खोड एकच. मार्तंडरावांना मनानं तोंड रचता येत नसे. कुठलं तरी जिवंत तोंड लागायचंच. महागाईच्या बडग्याला कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा जबडा आला, डेंग्यूच्या बडग्याला कंपाउंडरचे गाल. लोक म्हणत, “दादाजी, याले कुठं तरी पाह्यल्यासारखं वाटते गा.” दादाजी तंबाखू मळत म्हणत, “असंन.” आणि मार्तंडराव गर्दीच्या मागं, वाचनालयाची पिशवी छातीशी धरून, कानापर्यंत लाल.

चोरी पकडणारं एकच माणूस निघालं. ती सोनिका.

शेडच्या पाठीला भैय्याजींचं तिमजली घर. त्या घराची गच्ची अशी, की एका बाजूनं शेड दिसावं आणि दुसऱ्या बाजूनं अख्खी गल्ली. भैय्याजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, गिट्टी-रेतीचे व्यापारी. प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला आणि प्रत्येक मयतीत पुढच्या खांद्याला. त्यांच्या विक्रमची ही बायको, नरखेडकडची. बाप चंपतराव, घरची संत्र्याची बाग. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला यायची आणि फुटक्या टिनातून खाली शेडमध्ये पाहायची.

“काकाजी, नाक चुकलं.”

मार्तंडरावांच्या हातातला लगदा खाली पडला.

“तुमचे साहेब होय न ते? आमच्याकडं जेवाले आलते. त्याईचं नाक एवढं सरळ नाही.”

“हळू बोल गं बाई!”

“काहून? चोरी करून राहिले काय?”

“चोरीच समज.”

ती कठड्यावर हनुवटी टेकून हसली. “नाही सांगत कोनाले. माह्यापाशी लय गोष्टी हायेत न सांगितलेल्या. त्यात तुमची एक.”

मार्तंडरावांनी नाक सुधारलं. खरंच साहेबांचं नाक जरा वाकडं होतं. त्यानंतर रविवारी गच्चीवरून दुरुस्त्या येऊ लागल्या: भुवई वर घ्या, हनुवटी खाली दाबा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं काम त्यांचं म्हणून पाहत होतं. वाकडं नाक तेवढं पाहिलं त्यांनी. पोरीच्या मनगटावरचे निळे डाग पाहिले आणि बांगड्या घट्ट असतील असं मनाशी ठरवून टाकलं.

एका रविवारी ती म्हणाली, “एक बडग्या माह्या सांगण्यावरून बनवा न.”

“कशाचा?”

“ह्या घराचा.”

मार्तंडराव हसले. बडग्याच्या गोष्टीला हसायचं असतं, ही जन्माची सवय.

“बाबाची बाग रोडाले लागून हाय,” ती खाली न पाहता बोलत होती. “मामाजीले ते आपल्या नावानं करून पायजे. मी बाबाले म्हणत नाही, म्हणून मले असं राहा लागते.”

“मग बाबांना सांगून टाक ना.”

“सांगतलं तं ते देऊन टाकतीन. म्हणून तं नाही सांगत.” जिन्यातून तिच्या मामाजींची, म्हणजे सासरे भैय्याजींची, हाक आली तशी ती वळली. जाता जाता म्हणाली, “तुमी तरी आपलं नाव सांगा काकाजी. दोघाईनंबी किती लपवावं?”

होळी झाली, ऊन तापायला लागलं, आणि एका सकाळी सोनिका गच्चीवरून पडली. कपडे वाळत घालताना पाय घसरला, असं भैय्याजींनी सांगितलं. पोलिसांनी लिहून घेतलं. गल्लीनं मान हलवली. फोडणीवरून भाजी ओळखणाऱ्या या गल्लीला आदल्या संध्याकाळी त्या घरातून आलेल्या आवाजांवरून काहीच ओळखता आलं नाही. गच्चीचा कठडा सोनिकाच्या छातीला लागत होता. छातीएवढ्या कठड्यावरून पाय कसा घसरतो, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

चंपतराव आले तेव्हा त्यांच्या हातात संत्र्यांची थैली होती. निरोप एवढाच गेला होता, की पोरगी पडली. दवाखान्यात तोंडाला चव येईल म्हणून त्यांनी झाडावरची निवडून आणली होती. ती थैली मांडीवर घेऊन ते भैय्याजींच्या जिन्यावर बसून राहिले. उचलून कुणाला द्यावी हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांच्या हातातून ती घ्यायला कुणी पुढं होत नव्हतं. मार्तंडराव समोरच्या फुटपाथवर उभे होते. तेही पुढं झाले नाहीत.

पावसाळ्यात दादाजी गेले. मंडळाची बैठक भैय्याजींच्या हॉलमध्ये भरली, आणि यंदा तयार बडग्या विकत आणावा असं ठरत आलं होतं, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून मार्तंडराव उभे राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी धरून ठेवली होती.

“बडग्या मी करतो,” ते म्हणाले. “आजवरची तोंडंही मीच केलीत.”

मग जो हशा उसळला, विचारू नका. “अरे बापा! वाचनालयात बडगे बनवून राहिले होते काय गा!” किराणावाल्यानं नकळत आपला जबडा चाचपून पाहिला. भैय्याजींनी मार्तंडरावांची पाठ थोपटली. “छुपे रुस्तम! करा बावा, करा. यंदा ते मोबाईलवरचे ठग ठेवा. सारेच परेशान हायेत.”

घरी चारुशीलाबाईंनी ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि मग म्हणाल्या, “इतकी वर्षं मी शर्ट घासले ते झाकून राहावं म्हणून. तुम्ही भर सभेत सांगून आलात.”

“तुला माहीत होतं?”

“खळीचे डाग आपोआप जातात असं वाटलं होतं तुम्हाला?”

शेड दादाजींच्या पुतण्यानं विकायला काढलं होतं. म्हणून मार्तंडराव आपल्याच ओट्यावर बसले, दिवसाढवळ्या. पोतनीसांच्या ओट्यावर तणसाचा ढीग पडला आणि येणारे-जाणारे थांबून सल्ले देऊ लागले. सांगाडा झाला. धड झालं. हातात पुठ्ठ्याचा मोबाईलही दिला. राहिलं तोंड.

ठगाचं तोंड म्हणून त्यांनी कचेरीतल्या एका इसमाचे गाल घ्यायचं ठरवलं होतं. अंगठे लगद्यावर फिरू लागले, आणि हनुवटी दुसऱ्याचीच निघाली. त्यांनी ती मोडली. पुन्हा बसवली. पुन्हा तीच. रुंद कपाळ, मानेपर्यंत उतरलेले गाल, पंगतीत पहिल्या घासाआधी दिसते ती जिवणी. चारुशीलाबाई चहा घेऊन आल्या आणि कप तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

“हे तोंड बदला.”

“दुसरं येत नाही.”

“मग करू नका.”

“तेच तर आजवर करत आलो, चारू.”

“ती पोर आपली कोण होती? ना नात्यातली ना गोतातली. ते लोक आपल्याला जगू देतील का?”

“तिनं मला सांगितलं होतं,” मार्तंडराव म्हणाले. “गच्चीवरून. ह्या घराचा बडग्या करा म्हणाली होती. मी हसलो.”

चारुशीलाबाईंनी कप ओट्यावर ठेवला. आत जाऊन जुनी चादर आणली आणि त्या तोंडावर टाकली. लपवायला की जपायला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मारबतीच्या दिवशी गल्ली नटून जमली. ढोल तापवून ठेवलेले. मार्तंडरावांनी चादर काढली.

सगळ्यांच्या माना बडग्याकडून भैय्याजींकडे वळल्या आणि झटकन जमिनीला लागल्या. मार्तंडरावांना वाटलं, आता. आता कुणीतरी बोलेल. नाहीतर आपल्याला मारतील, तेही चालेल.

भैय्याजी हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अरे वा रे वा! मलेच बनवलं काय! सेम टू सेम!” त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून बडग्याच्या गळ्यात घातला, खांद्यावर हात टाकला. “विक्रम, फोटो काढ. आज बुरा नाही मानायचं भौ! बडग्या होय!”

गल्लीनं केवढा श्वास सोडला म्हणता! ढोल सुटले. नियम किती कामाचा असतो ते मार्तंडरावांना तेव्हा दिसलं. लोक भैय्याजींच्या दिलदारपणावर खूश होऊन नाचत होते. विक्रमनं फोटो काढला, पण बापाच्या मोबाईलवर डोळे खिळवून, बडग्याकडे न पाहता. हातगाडी निघाली. ‘घेऊन जा गे मारबत!’ मार्तंडराव गाडीमागून चालत राहिले. संध्याकाळपर्यंत राख होईल, म्हणजे राग गेला, पीडा गेली, सोनिकाही गेली. उद्यापासून गल्ली मोकळी.

नाल्यापलीकडच्या मैदानात गाडी थांबली. कुणीतरी रॉकेल शिंपडायला डबा पुढं केला. काड्यापेटी मार्तंडरावांच्या हातात आली.

“पेटवा न गा, मार्तंडराव,” भैय्याजी म्हणाले. “मले भूक लागून राहिली.”

“नाही.”

“काहून?”

मार्तंडरावांचा आवाज कधी कचेरीतल्या टेबलापलीकडे गेला नव्हता. तो आता ढोलाच्या पुढं गेला. “तुमच्या गच्चीचा कठडा सोनिकाच्या छातीला लागत होता, भैय्याजी.”

ढोल बंद पडले.

मार्तंडरावांनी काड्यापेटी खिशात घातली आणि हातगाडी उलटी फिरवली. असं कधी कुणी केलं नव्हतं. वस्तीबाहेर काढलेला बडग्या, अख्ख्या गल्लीची घाण, शिव्या, रोगराई अंगावर घेतलेला, पुन्हा वस्तीत न्यायचा? भैय्याजींची मंडळातली पोरं पुढं झाली आणि दोन हात अलीकडेच थांबली. परतणाऱ्या बडग्याला शिवणार कोण? “पकडा त्याले!” भैय्याजी ओरडले. स्वतः मात्र जागचे हलले नाहीत. ज्याच्या गळ्यात त्यांनी सकाळी हौसेनं हार घातला होता, त्याला आता त्यांनाही हात लावायचा नव्हता. मेट्रोच्या खांबांखालून एक वाळका हेडक्लार्क आपल्या अध्यक्षाचा पुतळा ओढत परत चालला होता, आणि समोरचे लोक पोरांना उचलून बाजूला होत होते.

दारात चारुशीलाबाई उभ्या होत्या.

“घरात नाही,” त्या म्हणाल्या.

“ओट्यावर.”

त्यांनी तुळशीची कुंडी एका अंगाला सरकवली. जागा झाली. बडग्या भैय्याजींच्या घराकडे तोंड करून बसला.

त्यानंतरचं काही सुखाचं नाही. भांडीवाली दुसऱ्या दिवशी आली नाही, मग आलीच नाही. दूधवाला पिशवी कोपऱ्यावरच्या खांबाला अडकवून जातो. त्या महिन्यात गल्लीत ज्याला ज्याला ताप आला, तो मार्तंडरावांनी आणला. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. ओट्यावर दगड येतात, पण बडग्याला लागू नयेत अशा बेतानं. तो फुटला आणि आतलं बाहेर आलं तर? गल्लीत जाळताही येत नाही, बाहेर न्यायला शिवताही येत नाही. पोलिसांत काही हललेलं नाही. कठड्याबद्दल विचारायला कुणी आलं नाही, आणि गल्लीतून कुणी सांगायला गेलं नाही. सल्ले द्यायला थांबणारे आता ओट्यासमोरून रुमाल तोंडाला लावून जातात. मार्तंडरावांनी नीट पाहिलं तर पुढचं तोंड कुणाचं होईल याचा नेम नाही. भैय्याजींनी पुढच्या बाल्कनीला पत्रे ठोकून घेतले आणि ते मागच्या दारानं ये-जा करतात.

पाऊस येतो. लगदाच तो, आडव्या झडीत नाक खाली येतं, गाल ओघळतात. उघाड पडली की मार्तंडराव कचेरीतून येऊन हातपाय धुतात आणि तोंड पुन्हा बसवायला घेतात. वाचनालयाची पिशवी आता खुंटीला असते. चारुशीलाबाई शेजारी बसून कागद भिजवतात.

चंपतराव एकदा येऊन गेले. बडग्यासमोर उभे राहिले, पाहत राहिले. “असाच दिसते तो,” एवढंच म्हणाले. पाणीही न घेता एसटीला गेले.

परवाची गोष्ट. दुपार होती, मार्तंडराव गालावर हात फिरवत होते. समोर भैय्याजींच्या गच्चीवर त्यांची बायको कौसल्याबाई वाळवण काढायला आली. या बाईचा आवाज गल्लीनं आरतीशिवाय कधी ऐकला नाही. ती गल्लीकडच्या कठड्यापाशी आली. ठेंगणी बाई, कठडा तिच्या गळ्याला लागला. बराच वेळ ती खाली पाहत होती.

“भाऊजी.”

मार्तंडरावांनी वर पाहिलं. खालच्या दोन-तीन खिडक्या आधी उघडल्या आणि मग थिजल्या.

“डावा डोळा,” कौसल्याबाई म्हणाली. “त्याईले राग आला म्हणजे तो बारीक होते. पुरा मिटते. उजवा उघडाच राह्यते.” तिनं पदर डोक्यावर घेतला. “त्या दिवशी तसाच झालता.”

वाळवणाची चादर तशीच टाकून ती जिन्यानं खाली गेली.

चारुशीलाबाईंनी भिजलेल्या कागदाचा गोळा पिळून नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. मग मार्तंडरावांनी तो बडग्याच्या डाव्या पापणीवर लावला आणि अंगठ्यानं हळूहळू खाली ओढत आणला, डोळा पुरा मिटेपर्यंत.